गाडी बघितली, पण मागं कोण बसलं?

मंडळी, आज जुळे सोलापुरात एक वापरलेली सात सीटर गाडी बघून आलो. मी, नवरा आणि सासूबाई. गावाकडं वैरागला जायला दर वेळी भाड्यानं गाडी करावी लागते, म्हणून आता घरचीच घ्यायची ठरवलंय.

नवऱ्यानं बॉनेट उघडून बघितलं, टायर बघितले, वाकून खालचा गंजही बघितला. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "इंजिन लई भारी हाय. घेऊन टाकू की!"

मी म्हटलं, "थांबा. आता मी चालवते. आई पुढं बसतील, तुम्ही सगळ्यात मागं बसा." भाड्याच्या गाडीत ती जागा कायम आम्हा दोघींची असते.

गाडीमालक हसले. "मागं बारकी पोरं बसत्यात, वैनी."

तरी बसवलंच. होटगी रोडनं जाऊन परत आलो. नवरा उतरला तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. एसीचं वारं मागं पोचतच नव्हतं.

"ही नको," तो गुडघे चोळत म्हणाला. "असं अंग चोरून वैरागपर्यंत माणूस जाईल का?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आजवर आमी गेलोच की."

तुमच्याकडं गाडी घेताना मागच्या सीटवर कोण बसून बघतं?