तिसरा पुकारा

पुकारेमामांचा आवाज इतका बारीक, की शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागायचा. आणि हा माणूस आमच्या कोर्टात पक्षकारांची नावं पुकारायचा!

सगळी करामत इमारतीची. निजामाच्या अमदानीतलं ते दगडी कोर्ट. जाड भिंती, सागवानी तुळया, छताला दोरीने ओढायच्या पंख्याच्या जुन्या कड्या आणि पुढे कमानींचा व्हरांडा. मामा मधल्या कमानीत उभे राहिले की त्यांचा आवाज घुमून पार चहाच्या टपरीपर्यंत जायचा. "मी कुटं वरडतो? कमान वरडती," म्हणायचे.

नाव तीनदा पुकारायची रीत. मामा दोन पुकारे पाठोपाठ द्यायचे आणि तिसऱ्याला रेंगाळायचे. चष्मा पुसायचे, फाटकाकडे बघत राहायचे. तिसरा झाला की पक्षकार गैरहजर. मी तसा तापट. एकदा वैतागलोच, "मामा, उरका की आता!"

"कावून घाई करता वकीलसाहेब? धारूरची यष्टी यायचीय. माणूस रस्त्यात हाय."

आणि खरंच एखादी म्हातारी धापा टाकत यायची. माझं काम लांबायचं, मी धुसफुसत बसायचो.

मामी गेल्या. एकुलता एक मुलगा दत्ता लग्नावरून भांडून पुण्याला गेला, तो फिरकलाच नाही. मामा मग सुट्टीच्या दिवशीही व्हरांड्यात येऊन बसायचे. "घरी कुणाशी बोलू? हितं निदान आपला आवाज तरी परत येतो." मी चहा मागवला.

पुढे कोर्ट नव्या इमारतीत गेलं, नावं स्पीकरवरून येऊ लागली. जुन्या कोर्टाला कुलूप लागलं. निवृत्त झालेले मामा बाहेरच्या पायरीवर बसू लागले.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दत्ताला मीच फोन केला. "निघतो," एवढंच म्हणाला. स्मशानात आम्ही चारदोन माणसं. ऊन उतरलं तरी त्याचा पत्ता नाही, फोनही बंद. गुरुजी म्हणाले, "वकीलसाहेब, उरकून घेऊ."

"थांबा. माणूस रस्त्यात आहे," मी म्हणालो.

दिवस बुडायला आला तेव्हा फाटकापाशी गेलो आणि दत्ताचं नाव पुकारलं. पाठोपाठ दोनदा. मग चष्मा पुसला, रस्त्याकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ. शेवटी तिसऱ्यांदा पुकारलं.

तिथे कमान नव्हती. समोर उघडा माळ, आवाज परत आला नाही.

मागे फिरलो आणि अग्नी मीच दिला.