लाल गाडीचा सुस्कारा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरची लाल, दोन दारांची, वयस्क स्पोर्ट्स कार श्वास घेते. ही अफवा नव्हे. मी स्वतः कान लावून ऐकलं आहे.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. दादा गेला तेव्हापासून ती पोर्चमध्ये झाकून पडली होती. या उन्हाळ्यात पुतणी पुण्याहून आली ती गाडी घेऊन जायचं ठरवूनच. मायलेकी एक चक्कर मारून आल्या आणि वहिनींनी किल्ली पदराला बांधून टाकली.

"मी नाही देत. ते जाऊ नाही देऊन राहिले तिले."

"कोण?"

"तुमचे भाऊ. आणखी कोण, भाऊजी?"

"मम्मी, गाड़ी पुरानी है, बस."

"तू चूप बस. त्याईचा सुस्कारा मले ओळखू येत नाही का?"

बापाची तीच एक वस्तू पोरीला हवी होती. मी हात जोडून पुढे झालो. सुस्काऱ्याचं कारण सापडलं तर गाडी पोरीची, नाही सापडलं तर पुन्हा झाकण घालायचं, असा करार झाला आणि किल्ली सुटली.

खरं सांगतो, मला मजा वाटत होती. गुढियारीच्या अंडरब्रिजपर्यंत.

गाडी निघताना जड होती, हे लगेच कळलं. पाय दाबावा तर मागून कुणी बंपर धरून ठेवल्यासारखी ती कुथायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांपुढे गेला की धरणारा हात सोडून द्यायचा आणि गाडी उधळायची. अंडरब्रिजच्या चढावर, अर्ध्या उजेडात, पुढचा ट्रक थांबला आणि मीही थांबलो. इंजिन हळू फिरत होतं. तेव्हा तो आवाज आला. बाहेरून नाही. माझ्या पायांशी, अगदी जवळ, कुणी ओठ न उघडता लांब श्वास आत घ्यावा तसा. घेतच राहिला. सोडला नाही. घोट्यावरून हवेची बारीक झुळूक सरकली. काचा बंद होत्या, एसीही बंद होता.

मी ब्रेक आणखी दाबला. श्वास मोठा झाला.

"दादा?" असं मी मोठ्याने विचारलं नाही. विचारणार होतो. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारून माझी अब्रू वाचवली.

घरी येऊन प्लग बदलले, हवेचा फिल्टर झटकला, पेट्रोलचा नवा घातला. सुस्कारा तसाच. मग डोक्यात आलं, श्वास घेते म्हणजे कुठूनतरी हवा आत ओढते. चोरून शिरलेली हवा इंजिन हळू फिरत असताना पेट्रोलचं प्रमाण बिघडवते आणि गाडी मरगळते. वेग चढला की तेवढी हवा इंजिनाच्या खिजगणतीतही नसते. आता चोरवाट शोधायची तर नळ्यांत धूर भरायचा आणि तो कुठून निघतो ते पाहायचं. अशा कामाचं यंत्र मिळतं. आमच्याकडे नव्हतं. मी गोल बाजारात जाऊन लोबान आणला.

"घर में कुछ है क्या, भैया?" दुकानदाराने आवाज खाली करून विचारलं.

"हव," मी म्हटलं, "गाड़ी में है."

दुपारी लाइट गेली होती. गल्लीतले सगळे कूलर एकदम मुके झालेले. तेलाच्या जुन्या डब्यात निखारे, त्यावर लोबान, झाकणाला दोन नळ्या, एकीला पायाने मारायचा पंप. पंपावर पुतणी. वहिनी दारात आल्या, वास घेतला आणि डोक्यावर पदर ओढला.

"भाऊजी, हे काहून करून राहिले? उतरवून राहिले का त्याईले?"

"वहिनी, ही टेस्ट आहे."

"हो, भूत उतरवणारा बैगाही असंच म्हणते."

आधी इंजिनाच्या तोंडात धूर सोडला. बॉनेटखाली एक रेघसुद्धा निघाली नाही. मग ब्रेक हलका करणारा जो काळा गोल डबा असतो, त्याची जाड नळी काढून तिच्यात सोडला. तरीही काही नाही. पुतणी पंप मारत होती, धूर आत जात होता आणि कुठेच निघत नव्हता.

"चाचू," पुतणी पंपावरून पाय न काढता म्हणाली, "अंदर देखो."

काचेपलीकडे, बंद गाडीत, ड्रायव्हरच्या पायांशी धूर जमला होता. ब्रेकच्या पेडलमागून तो सावकाश येत होता, सीटवर चढत होता. गुडघ्यांइतका झाला. छातीपर्यंत आला. हवा जागची हलत नव्हती म्हणून तो पसरेना, पाठीला टेकून बसल्यासारखा उभा राहिला. स्टिअरिंगवर धुराचा पांढरा पदर आला.

"सापडलं!" मी ओरडलो. "डब्याचं मागचं रबर फाटलं आहे, वहिनी. तिथूनच हवा ओढते. नवा डबा बसवला की..."

वहिनी माझं ऐकत नव्हत्या. पायऱ्या उतरून त्या गाडीपाशी आल्या, काचेला नाक लावलं आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. पुतणीने पंप थांबवला. धूर हलला नाही. मग वहिनींनी काचेवर बांगड्यांचा हात आपटला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अहो, उठा न आता तिथून! पोरीले बसू द्या!"