गाळलेलं ऊन

सात वर्षं मी एका मोठ्या फॅशन फोटोग्राफरची असिस्टंट होते. स्टँड उचलायचे, रिफ्लेक्टर धरायचा आणि मॉडेलच्या नाकाची सावली ओठावर उतरली की हळूच सांगायचं, "सर, लाइट जरा खाली." नाव अर्थात सरांचं. मी पहिलं स्वतंत्र काम घेतलं आणि आमच्या लालबागच्या चाळीत शूट करणार म्हटलं, तेव्हा सर हसले. "चाळीत? तिथे उजेड तरी येतो का?" माझं डोकंच फिरलं. ज्या गॅलरीत मी रांगले, तिथला उजेड हा माणूस मला सांगणार!

काम दादरच्या एका डिझायनरबाईंचं होतं. हातमागाच्या सुती साड्या. बाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "एका दुपारचे फोटो बघते. आवडले तर वर्षभराचं काम तुझं. नाहीतर सर आहेतच."

मला खात्री होती ती आमच्या उन्हाची. समोर गिरणीच्या जागेवर दोन टॉवर उभे राहिले आणि आमचा सूर्य त्यांनी गिळला, हे खरं. पण थंडीत साडेचारच्या सुमाराला तो त्या दोघांच्या फटीतून डोकावतो आणि अर्धा-पाऊण तास थांबतो. रविवारी चादरी धुवायच्या हा आमच्या मजल्याचा अलिखित कायदा. त्यामुळे त्याच वेळी कठड्याबाहेरच्या दोऱ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या चादरी वाळत असतात. त्यांच्यातून आत येणारं ऊन इतकं मऊ असतं की लहानपणी मला वाटायचं, रविवारी सगळ्यांच्या आया सुंदर दिसतात.

म्हणून मी रविवार धरला. आईला एवढंच सांगितलं, "उद्या शूटिंग आहे, मोठी माणसं येणार आहेत." माझी घोडचूक इथेच झाली.

सव्वाचारला डिझायनरबाई, मॉडेल आणि मी जिना चढून वर आलो. दोऱ्यांवर एक चिंधी नव्हती. फरशी लख्ख पुसलेली, दारादारांत रांगोळ्या, गणपती मंडळाचा लाल गालिचा अंथरलेला. आई जरीची साडी नेसून उभी, चेहऱ्यावर विजय.

"आई, धुणं कुठाय?"

"आत ठेवलंय गो, घडी घालून. पावणे येतले आणि तेंका काय धुणी दाखवतलंस?"

एवढ्यात ऊन आलं. उघडं, करकरीत ऊन. मॉडेलला कोकमी साडीत भिंतीशी उभं केलं, तर डोळ्यांखाली काळे खड्डे आणि कपाळ पांढरंफटक. पाच-सहा फोटो काढले, सगळे वाईट. डिझायनरबाईंनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं आणि पर्समधून फोन काढला. "सरांना विचारते, संध्याकाळी स्टुडिओ मिळतो का."

मी आईवर ओरडले. पाहुण्यांसमोर. मला त्याची अजून लाज वाटते. "तुझ्या चादरींवरच सगळं होतं! त्या उन्हाच्या आड हव्या होत्या मला!"

आईने रिकाम्या दोऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तुका ऊन गाळून होया. असा सांग ना मगे!"

सात वर्षांत मला डिफ्यूजन, म्हणजे उजेड मऊ करण्याची युक्ती, कुणी इतकी सोपी करून सांगितली नव्हती.

मी कपाटातली चादर ओढून दोरीवर टाकली, तर घड्यांच्या रेघा चौकटीसारख्या मॉडेलच्या गालावर उमटल्या. आईने ती माझ्या हातातून हिसकावली, बादलीत बुचकळली, पिळली आणि जोरात झटकून पुन्हा पसरली. रेघा गायब. मग तिने पूर्ण मजल्याला हाक घातली. जरीच्या साड्यांचे पदर खोचून सगळ्या काकवा-मावश्या चादरी भिजवायला लागल्या. खालच्या मजल्यावरून एक आजोबा ओरडले, "अरे, पाणी कोण ओततंय?" वरून आणखी एक चादर पिळली गेली.

आणि ऊन गाळलं गेलं. भिंतीचा जुना हिरवा रंग शांत झाला, कोकमी साडीचा पोत धाग्याधाग्याने दिसायला लागला. मी गालिचा गुंडाळला आणि मॉडेलला मधोमध न ठेवता तिसऱ्या खांबाशी नेलं. तिच्यापुढे खांबांमागून खांब लांबवर जाणारी गॅलरी मोकळी सोडली. नजरेला चालायला जागा लागते. डिझायनरबाईंचा फोन कधी पर्समध्ये गेला, कळलंच नाही.

ऊन संपता संपता वारा सुटला आणि कडेची चादर फडफडली. आईने धावत जाऊन तिचं टोक धरलं. त्याच क्षणी मॉडेलने वळून पाहिलं आणि मी बटण दाबलं. उत्तम फोटो, पण डाव्या कडेला आईचा हात, हिरव्या बांगड्यांसकट. सरांची शिकवण होती, फ्रेमच्या कडा झाडून घे. रात्री कॉम्प्युटरवर मी फोटोतून तो हात कापायला निघाले, तर फोटोचा तोलच गेला. मॉडेल त्या हाताकडेच बघत होती. मी हात ठेवला.

डिझायनरबाईंनी तोच निवडला. वर्षभराचं काम मला मिळालं. दादरच्या दुकानात तो फोटो भिंतभर लागला, खाली माझं नाव. सरांचा मेसेज आला, "हा लाइट कुठे भाड्याने मिळाला?" मी लिहिलं, "घरी."

आईला दुकानात घेऊन गेले. तिने मॉडेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माझ्या नावाकडेही नाही. पदराने डोळे पुसले आणि शेजारी साड्या बघत असलेल्या एका अनोळखी बाईंना मोठ्याने म्हणाली, "ती चादर माझी हा. आणि तो हात पण."