नुसत्या कुंदाताई

कुंदा गेल्याचं मला मोबाइलने दोनदा कळवलं. सकाळी जयंती मंडळाच्या ग्रुपवर बॅनर आलं. पांढरी साडी, हातात माइक, मान जराशी वर, आणि खाली 'कालकथित कुंदा खरात, भीमगीत गायिका'. मी ओट्यावरचा चहा तसाच टाकून खाली बसले... हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दुपारी दुसरं बॅनर आलं, जालन्याच्या नाट्यमंडळाकडून. त्यात तिच्या डोक्यावर मुकुट, नाकात नथ, गळ्यात खोट्या मोत्यांच्या माळा आणि खाली 'कै. कुंदाताई, आमच्या राणीला श्रद्धांजली'. आडनाव नाही. आमच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई दोन्ही ग्रुपमध्ये आहेत. त्यांचा फोन आला, "अहो, तुमच्या ओळखीच्या दोन गायिका एकाच दिवशी गेल्या म्हणे?" मला आधी हसू आलं आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. दोन नाहीत हो बाई, एकच होती. काही आठवडे झाले, राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना गोड लिहावं म्हणतात. ते दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

आम्ही दोघी आष्टीच्या, एकाच वस्तीतल्या, एकाच बाकावरच्या. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात ते गावोगाव जायचे आणि कुंदा पेटीला चिकटून बसलेली असायची. आम्ही लगोऱ्या खेळायचो तेव्हा ही बाई कोरस म्हणायची. पुढे लग्न होऊन ती जालन्यात आली, मीही नोकरीने इथेच. नवरा सळयांच्या कारखान्यात कामाला, अबोल आणि भला माणूस. त्यानेच तिला एका म्हाताऱ्या गुरुजींकडे गाणं शिकायला घातलं. गुरुजींनी पहिल्या दिवशी तिला नुसता सा लावायला सांगितला आणि ऐकून म्हणाले, "आजपर्यंत कुठे होतीस?" हे ती मला इतक्यांदा सांगायची की शेवटी मी तोंड फिरवायचे. "आष्टीला होते म्हणून सांगायचं ना," मी म्हणायचे. तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच, त्याच कौतुकाने.

गुरुजींच्याच शब्दावर तिला नाट्यमंडळात प्रवेश मिळाला. मंडळाचं एक घरचं संगीत नाटक होतं, मंडळाच्याच एका जुन्या सभासदाने लिहिलेलं. त्यात राणीची भूमिका, आणि पदं अशी की भल्याभल्यांचा दम निघावा. कुंदाने ती भूमिका कितीतरी वर्षं केली. पहिल्या प्रयोगाच्या पोस्टरवर सगळ्यांची नावं आडनावासकट होती, अगदी भालदार-चोपदारांचीसुद्धा. हिचं नुसतं 'कुंदाताई'. आम्हाला वाटलं, चुकून राहिलं असेल. ती विचारायला गेली तर सेक्रेटरी हसून म्हणाले, "पोस्टरवर जागा नव्हती हो." पुढच्या वेळी म्हणाले, "लोकांच्या तोंडी कुंदाताई बसलंय, आता कशाला बदलायचं?" त्याच्या पुढच्या वेळी छापखान्यावर ढकललं. तो माणूस कधी एक शब्द वावगा बोलला नाही. चहा स्वतः आणून द्यायचा, ताई-ताई करायचा. त्यांच्या प्रत्येक कारणाला काही ना काही आधार असायचा, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता यायचं नाही. तिकडे कॅसेटवर मात्र कुंदा खरात हे नाव ठसठशीत असायचं. त्या कॅसेट मंडळाच्या लोकांनी पाहिल्या नव्हत्या असं नाही. पाहिल्या होत्या, म्हणूनच पोस्टरवर जागा कमी पडत होती.

आमच्याकडे तिसऱ्या घंटेआधी पडद्यामागून कलावंतांची नावं पुकारायची पद्धत आहे. तिथेही तेच. एकदा मी तिला म्हटलं, "सोड ना ते नाटक. तुला काय कमी आहे?" ती चिडली. म्हणाली, "काहून सोडू? पदं मी गाते का न्हाई? मंग? येकदा तिसऱ्या घंटीच्या आधी माझं पुरं नाव पुकारलं पायजे. बस. मंग बिलकुल सोडून देते." बाकी तिने मंडळाकडे कधी काही मागितलं नाही. तिला हार नको होते, मानधनाची तक्रार नव्हती. एक आडनाव हवं होतं, तेही स्वतःचंच.

या दोन गाण्यांमधली तिची ओढाताण मी जवळून पाहिली. स्टुडिओ संभाजीनगरला. हिवाळा संपता संपता जयंतीची रेकॉर्डिंग सुरू व्हायची आणि नाटकांचे प्रयोगही त्याच दिवसांत. तिकडे कंपनीवाले म्हणायचे, "ताई, ताना नको, लोकांना टाळी धरता आली पाहिजे." इकडे मंडळाचे ऑर्गनवाले म्हणायचे, "माइकला तोंड लावून गाऊन गळा आखडलाय तुमचा." तिकडे ती नाटकवाली आणि इकडे कॅसेटवाली. एकदा अंतरा पुन्हा पुन्हा घेण्यात दुपार टळली आणि संध्याकाळी जालन्यात प्रयोग. भाड्याच्या जीपमध्ये ती मागे राणीचा रंग लावत, मी आरसा धरून पुढे उलटी बसलेली. बदनापूरच्या गतिरोधकावर भुवई अशी काही वर गेली की राणी जन्मभर आश्चर्यात पडलेली दिसावी. "शके, पूस जल्दी!" ती ओरडत होती आणि ड्रायव्हर मान खाली घालून हसत होता. त्याच प्रयोगात, विरहाच्या पदाला, दिवसभराच्या सवयीने तिचा डावा हात आपोआप कानावर गेला. स्टुडिओत हेडफोन दाबून धरतात ना, तसा. मला विंगेत हसू आवरेना. तिलाही कळलं, तिने तोच हात पुढे केसांवरून फिरवून घेतला. प्रेक्षकांना काही कळलंसुद्धा नाही.

सेक्रेटरींना मात्र कळलं. "कुंदाताई, हे शाहिरी हातवारे आपल्या नाटकात नको हं," ते म्हणाले. म्हणताना हसत होते, नेहमीसारखेच. पुढे तालमीत कोणाची काहीही चूक झाली की 'शाहिरी' हा शब्द यायचा आणि सगळे हसायचे. ती घरी येऊन भांडी आपटायची. 'माझे वडील शाहिरी गायचे, त्यात हसण्यासारखं काय आहे,' हे तिने सेक्रेटरींना तोंडावर विचारलंही. त्यावर ते म्हणाले, "अहो, गंमत केली."

मग मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला. तेच नाटक करायचं ठरलं. राणीच्या भूमिकेला गावातल्या एका डॉक्टरांची सून घेतली. दिसायला छान, बोलायला गोड, पण गाण्याच्या नावाने आनंद. सेक्रेटरी पेढे घेऊन कुंदाच्या घरी आले. मी तिथेच होते. म्हणाले, "पदं तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेऊ. सूनबाई नुसते ओठ हलवतील. तुम्हाला काय, रेकॉर्डिंग तर तुमचं रोजचं काम." संगीत नाटकात रेकॉर्ड केलेली पदं! हे कानावर पडलं असतं तर गुरुजींनी त्यांना पेढ्यांसकट बाहेर काढलं असतं, पण गुरुजी तेव्हा हयात नव्हते. कुंदाने पेढ्यांचा खोका घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "करते. पन तिसऱ्या घंटीआधी पुरं नाव पुकारायचं. कुंदा खरात." सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे काय, पुकारायलाच पाहिजे." ते गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. ती शांतपणे पेढा खात म्हणाली, "शके, मी राणी असताना न्हाई पुकारलं. नुसता आवाज असताना तरी पुकारतील. आवाजाला काय करनार हैत ते?"

दुपारचा प्रयोग होता. कुंदाने नवी जांभळी साडी नेसली होती. आम्ही मधल्या रांगेत बसलो. पडद्यामागून नावं सुरू झाली, आडनावांसकट. नेपथ्य झालं, प्रकाश झाला, रंगभूषा झाली. तिचा हात माझ्या हातात होता. "पार्श्वस्वर... कुंदाताई." आणि तिसरी घंटा झाली. तिने हात काढून घेतला.

पहिल्या अंकातलं मोठं पद संपलं आणि थिएटर उसळलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" लोकांची काय चूक, आवाजच तसा लागला होता. आता संगीत नाटकात वन्स मोअर आला की पद पुन्हा म्हणायचं असतं, हा शिरस्ता. पण पन्नास वर्षं नाटक करणाऱ्या या मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की रेकॉर्ड केलेल्या गाण्याला वन्स मोअर पडला तर काय करायचं. साउंडवाल्याने सगळी पदं एकामागे एक जोडून ठेवलेली. तो मागे जायला गेला आणि भर दरबारात तिसऱ्या अंकातली अंगाई सुरू झाली. सूनबाईंना काय करावं कळेना, त्यांनी अंगाईवरच ओठ हलवायला घेतले. प्रधान मान खाली घालून हसू दाबत थरथरत होता. लोक हसायला लागले, आणि तरी मागून वन्स मोअर चालूच.

सेक्रेटरी घामाघूम होऊन आमच्या रांगेपर्यंत आले, वाकून म्हणाले, "ताई, पाया पडतो, विंगेत चला. एकदा म्हणा. आपल्या मंडळाची अब्रू आहे." मला माझी कुंदा ठाऊक होती. गाणं हाक मारतंय म्हटल्यावर ही जेवणाच्या ताटावरून उठायची. तिचे पाय हललेसुद्धा. मग ती थांबली. म्हणाली, "आधी नाव पुकारा. पुरं."

"भर नाटकात कसं पुकारणार? पडदा पडल्यावर बघू ना."

"मंग वन्स मोअरबी पडदा पडल्यावरच बघू."

ते गेले. नाटक कसंबसं पुढे सरकलं. पडदा पडला, सत्कार झाले, सूनबाईंना शाल मिळाली, साउंडवाल्यालाही नारळ मिळाला. मला वाटलं होतं, ती मध्येच उठून जाईल. नाही. ती शेवटपर्यंत बसून होती, स्टेजकडे बघत... तिला अजून वाटत होतं, पुकारतील. माणसं खुर्च्या उचलत आमच्या रांगेपर्यंत आली तेव्हा म्हणाली, "चल शके. यष्टी जाईल." घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. कुठली एसटी आणि काय. मी तिच्यामागे चालत राहिले.

त्यानंतर ती मंडळाची पायरी चढली नाही. भीमगीतं मात्र शेवटपर्यंत गायली. जाफराबाद, टेंभुर्णी, भोकरदन, जिथून बोलावणं येईल तिथे. तिथे लोक तिला गर्दीतून वाट करून द्यायचे आणि निवेदक घसा फाटेपर्यंत पुरं नाव घ्यायचा. यातच समाधान मानायला पाहिजे होतं, असं मला पुष्कळांनी सांगितलं. का मानायला पाहिजे होतं? राणीची पदं तिचीही होती. ती त्यांच्यावर जीव टाकायची.

परवा मी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली आहे, तिथे धान्याच्या कोठीवर तिचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. ती रोज सकाळी तो लावून राणीची पदं म्हणायची, दार लोटून. मुलगी प्रज्ञा नर्स आहे, गाण्याशी तिचा संबंध नाही. तरी ती रोज ड्यूटीला जायच्या आधी तंबोरा लावते, आईच्याच पट्टीत. "मावशी, त्याच्याबिगर डबा भरायला सुधरतच न्हाई," म्हणाली. आम्ही चहा घेत होतो तेव्हा तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला. मंडळाचे नवे सेक्रेटरी, तरुण आहेत, फार अदबीने बोलतात. म्हणाले, तालमीच्या खोलीला ताईंचं नाव द्यायचं ठरलंय, पाटी करायला टाकतोय. प्रज्ञाचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "पाटीवर नुसतं कुंदाताई बरं दिसत नाही. जुन्या सगळ्यांना विचारलं, पण कोणालाच आठवत नाहीये. ताईंचं आडनाव काय होतं हो?"

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. जुन्या सगळ्यांना आठवत नाहीये! मी फोन हातात घेतला आणि सांगितलं.

"सॉरी, मागे काहीतरी आवाज येतोय. परत एकदा सांगता का?"

प्रज्ञाने उठून तंबोरा बंद केला. मी परत सांगितलं.