करंडीची गाठ

आमच्या घरात जी वस्तू जागची हलत नाही, तिला टोपी आहे. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, माठावर मणी लावलेला रुमाल आहे, फ्रिजच्या दांड्याला मोजा आहे. जेवून खुर्चीत फार वेळ बसलो तर माझ्याही अंगावर काहीतरी चढेल, या भीतीनं मी लवकर उठून आमच्या चिकूच्या वाडीत जातो. हे सगळं काम आमच्या अंबूचं, म्हणजे माझ्या बायकोचं. आणि यातली लोकर तिनं कधी विकत आणलेली नाही. बोर्डीच्या वसतिगृहांतली पोरं सुटीला जाताना फाटके स्वेटर टाकून जातात. अंबू ते मागून आणते, उसवते, धुते, गुंडे करते. आमच्याकडे थंडी येते ती पाहुण्यासारखी, चहा घेऊन जाणारी. पण घरात लोकर इतकी, की कोणाला वाटावं आम्ही हिमालयातून उतरून आलोय.

अशीच लोकर धुताना अंबू मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं वळेनात. डहाणूच्या डॉक्टरांनी तिला एक रबरी चेंडू दिला, रोज दाबायला सांगितलं. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, ही बोटं आत्ता हलली नाहीत तर पुढे हलणारच नाहीत. अंबूनं चेंडू एकदा दाबला, कळ मस्तकात गेली, तिनं तो खिडकीत ठेवून दिला. आमच्या निधीनं सासरहून, वापीहून, फोन करकरून आईला समजावलं. मी तर ओरडलोच. माझा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो, फक्त अंबूला जात नाही.

मग एका दुपारी तिनं लोकरीचं पोतं माझ्यासमोर सरकवलं, कोणाला तरी देऊन टाका म्हणाली. "झालं माझं विणून."

जो पलंगपोस विणते म्हणून मी तिला वर्षभर टोमणे मारले, तो अर्धाच पडला होता. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हणालो, उरलेले चौकोन मी विणतो. आयुष्यभर चिकूच्या करंड्या सुतळीनं शिवणाऱ्या या चिमणला क्रोशाची एवढीशी सुई काय भारी आहे? वाडीत शिरलेल्या बकरीकडे बघावं तसं अंबूनं माझ्याकडे बघितलं. पण पोतं राहिलं.

ती तोंडानं सांगायची, मी हातानं करायचो. साखळी, मग खांब, मग पुन्हा साखळी. आता करंडी शिवायचा आमचा एक नियम आहे. माल दिल्लीपर्यंत जायचा, वाटेत टाका सैल पडता कामा नये. म्हणून करंडीला गुडघा लावायचा, प्रत्येक टाका हिसका देऊन ओढायचा आणि शेवटी दुहेरी गाठ मारायची. बापानं मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मी लोकरीलाही गुडघा लावला. माझा पहिला चौकोन तयार झाला तेव्हा तो टेबलावर आधाराशिवाय उभा राहिला. वाडीतला आमचा जुना गडी भिका चहाला आला होता. त्यानं गरम ग्लास त्याच्यावर ठेवला आणि फळी चांगली बनवलीत म्हणाला. मला ती दादच वाटली.

अंबूनं चौकोन वाजवून बघितला. हा पलंगावर घातला तर झोपणाऱ्याच्या पाठीला वळ उठतील, म्हणाली, उसवा. मी म्हटलं, अजिबात उसवणार नाही, माझी मेहनत आहे ती. झालं, आमची जुंपली. मी पायांत चपला सरकवून रागारागानं वाडीत निघून गेलो आणि तिथं विनाकारण भिकावर खेकसलो.

परत आलो तर अंबू ओट्यावर बसून स्वतःच चौकोन उसवत होती. डाव्या हातानं गाठ सुटेना. करंडीची दुहेरी गाठ ती, एका हाताला कशी सुटेल? माझा उद्धार चालला होता, माझ्या बापाचाही चालला होता. आणि त्या रागात तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता. अंगठा तसाच ताठ, पण पुढच्या दोन बोटांच्या मध्ये तिनं गाठ धरली होती. कळ येत होती, डोळ्यांत पाणी होतं, पण सोडायला तयार नव्हती. मी दारातच थांबलो. मला नको तिथं बोलायची खोड आहे. त्या दिवशी तेवढं तोंड बंद ठेवलं.

मग रोजचंच झालं. मी विणायचो, ती शिव्या घालायची, दुसऱ्या दिवशी उसवायची. पलंगपोस एका बोटानंही वाढला नाही. मला मात्र वाटत होतं की माझा हात बसत चाललाय.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी बोटं वळवून बघितली आणि खूश झाले. चेंडू किती वेळ दाबता, म्हणून विचारलं.

"चेंडू कसला?" अंबू म्हणाली. "ह्यांनी मारलेल्या गाठी सोडवते."

डॉक्टर हसले. अंगठा अजून यायचाय, तोवर हेच चालू ठेवा म्हणाले.

घरी आल्यावर मी सकाळी पुरा केलेला चौकोन तिच्या हातात दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मऊ आला होता, चारही कोपरे सारखे, टाके मोकळे. वाटलं, आता तरी बरं बोलेल. तिनं तो उलटसुलट केला, शेवटची गाठ ओढली. ती डाव्या हातानंच सुटली. तिनं चौकोन माझ्या मांडीवर टाकला.

"हा काय उपयोगाचा?" ती म्हणाली. "नीट आवळून विणा."

मी सुई उचलली आणि गुडघा लावला.