दोन खुबे आणि एक खोली

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंना आहे. एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस."

मी म्हटलं, "साहेब, जरा मराठीत सांगा. मी वायरमन माणूस."

ते हसले. "मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात बसतो ना, त्याला रक्तच पोचेना. हाड आतून मरून चाललंय. तुमच्या भाषेत, लाइन गेली."

"मग फ्यूज टाका की!"

"फ्यूजचं काम नाही हे. अख्खी डीपी बदलावी लागेल. दोन्हीकडची."

हसू आलं खरं, पण दवाखान्याच्या पायऱ्या कठडा धरूनच उतरलो. वर्षभर जांघेत कळ यायची आणि मी खांबावर चढून चढून दुखतंय म्हणून तेल चोळत बसलो होतो. मोटारसायकलवरून पाय पलीकडं टाकता येईना, तेव्हा कुठं आमच्या गावाहून, हट्ट्याहून, नांदेड गाठलं. तुमची जांघ दुखत असेल आणि कंबरेच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर माझ्यासारखं तेल चोळत बसू नका. खुब्याचा एमआरआय करा.

डॉक्टरांनी टोटल हिप रिप्लेसमेंट सांगितलं, म्हणजे सडलेला सांधा काढून नवा बसवायचा. आधी डावा आणि तो सावरला की उजवा. मी वीज खात्याच्या विमा योजनेचे नियम काढून बसलो. आमच्या योजनेत को-पे असतो, म्हणजे प्रत्येक बिलात कर्मचाऱ्याचा थोडा वाटा. पण त्या वाट्याला वर्षाची कमाल मर्यादा आहे. तेवढा भरला की त्या पॉलिसी वर्षात पुढचं बिल कंपनीचं. डाव्या खुब्यातच माझी मर्यादा भरत होती. उजवा त्याच वर्षात झाला की माझा वाटा शून्य.

अट एकच, खोली आपल्या पात्रतेतली पाहिजे. माझी पात्रता जनरल वॉर्ड. वरची खोली घेतली तर जादा भाडं तर आपलंच, शिवाय डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यांतही त्याच प्रमाणात कंपनी पैसे कापते. आणि हे कापलेले पैसे त्या मर्यादेत धरत नाहीत. आमच्याजवळ साठवलेलं होतं ते मर्यादेपुरतंच, ते या कापलेल्या पैशांतच संपलं असतं आणि उजव्याचा वाटा भरायला काही उरलं नसतं. म्हणजे खोली चुकली की उजवा पाय तसाच लटकला.

हे सगळं मी बायकोला, संगीताला, समजावून सांगितलं. तिच्या भावाला सांगायचं तेवढं राहिलं.

दत्तराव म्हणजे संगीताचे थोरले भाऊ, डोंगरकडा गावचे केळीवाले बागायतदार. मोठ्या मनाचा माणूस, पण आवाज त्याहून मोठा. आमच्याकडं पेशंटला भेटायला एकटं कुणी जात नाही, जीप भरून जातात. त्यात मी वायरमन. ज्याच्या ज्याच्या घरी मी रात्री-अपरात्री लाइट आणली, तो प्रत्येकजण केळी-बिस्किटं घेऊन येणार. एवढ्या लोकांना बसवायचं कुठं, ही दत्तरावांची काळजी माझ्या ऑपरेशनपेक्षा मोठी होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ईसीजी, टू-डी इको असं हृदय तपासायचं सगळं उरकलं. वॉर्डबॉयनं व्हीलचेअर लिफ्टमध्ये घातली आणि वॉर्डाऐवजी वरच्या मजल्यावर नेली. दार उघडलं तर एसी, टीव्ही, सोफा. सोफ्यावर दत्तराव आणि सोबत डोंगरकड्याची पाच-सहा माणसं, आणि टेबलावर केळीचा अख्खा घड.

"या दाजी! घ्या, मोकळंढाकळं बसा."

"ही खोली कुणी घेतली?"

"म्या. सरकारी नोकरीवाला माणूस अन् जनरल वार्डात? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या. फरकाचं तुमी डोक्यात घेऊ नका, भाडं म्या भरून राहिलो."

"दत्तराव, एकल्या भाड्याचं न्हाई ते."

"काहून न्हाई? खोलीचं भाडं ते खोलीचं भाडं!"

मी खुर्चीची चाकं दोन्ही हातांनी गच्च धरली. "मी या खाटेवर बसणारच न्हाई."

दत्तराव सोफ्यावरून उठले. मी म्हटलं, "तुमी मागं थ्री फेजचं मीटर घेतलं, आठवतंय? घरात एक बल्ब लावला तरी बिलात स्थिर आकार वाढून आला, तवा तुमी माझ्यावरच खवळले होते. हे तसंच हाय. खोली मोठी घेतली की समदं बिल मोठं व्हतं. ते भरायचं तर माझा उजवा पाय राहून जातो. भाडं तुमी भराल, पाय कोण भरणार?"

त्यांना पटलं नाही असं नाही, पण माणसांसमोर कमीपणा झाला होता. माझ्या खुर्चीमागं उभ्या बहिणीकडं ते वळले. "अन् तू? खाली फरशीवर चटई टाकून झोपणार व्हय? बापानं तुला याच्यासाठी वाढवलं?"

संगीतानं माझी पिशवी उचलली आणि वॉर्डबॉयला म्हणाली, "भाऊ, चला खाली."

दत्तराव जीप काढून निघून गेले. केळीचा घड तेवढा विसरले, तो वॉर्डात वाटला.

ऑपरेशन फर्स्ट क्लास झालं. स्पायनल ॲनेस्थेशिया म्हणजे पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करतात. आपण जागे असतो आणि आत सुतारकाम चालल्यासारखी ठोकाठोक ऐकू येते. घाबरू नका, दुखत नाही. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या ताईंनी वॉकर धरून उभं केलं. वर्षभराची कळ गायब! नुसता टाक्यांचा ठणका होता. मी सगळ्या वॉर्डादेखत रडलो आणि त्याची मला लाज वाटली नाही.

पण दत्तराव आले नाहीत. फोनही नाही. संगीता माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायची आणि सकाळी कंबर धरून उठायची. "दुखतंय का?" विचारलं की "तुमी तुमचं पाहा" म्हणायची. माझा हिशेब बराबर होता, पण तिला तसं उठताना पाहून मला फार वाईट वाटायचं.

डावा पाय सावरला. पॉलिसीचं वर्ष संपायच्या आत उजव्यासाठी पुन्हा भरती झालो. या खेपेला स्वतः विमा काउंटरवर जाऊन विचारलं, "खोली कोणती लिहिलीय?" तुम्हीही विचारा. भरतीच्या गडबडीत आपल्या मायेचं माणूस काय बोलून बसेल, सांगता येत नाही.

संध्याकाळी वॉर्डाच्या दारात आरडाओरडा ऐकू आला. आवाज ओळखीचा. सिस्टर म्हणत होत्या, "अहो काका, हे आत नेता येणार नाही."

"काहून न्हाई येणार? तुमच्या खोलीचं भाडं वाढतं का याच्यानं? स्थिर आकार लागतो का?"

सिस्टरना काही समजेना. मी खाटेवरून हसत सुटलो. दत्तराव आत आले. घामाघूम झालेले आणि खांद्यावर लोखंडी फोल्डिंगची खाट. डोंगरकड्याहून जीपच्या टपावर बांधून आणली होती. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत खाट उघडली, हातानं दाबून पाहिली आणि बहिणीला म्हणाले, "बस."

संगीता बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली. सिस्टर म्हणाल्या, "राउंडच्या आधी घडी घालून ठेवायची हं."

दत्तराव पुढचे सगळे दिवस वर थांबले नाहीत. खाली गेटजवळ जीप लावून बसले. हट्ट्याहून, वसमतहून जे कुणी यायचे त्यांना तिथंच चहा पाजायचे, माझी तब्येत सांगायचे आणि परत लावून द्यायचे. "वर एकालाच सोडतात, नियम हाय," हे इतक्या थाटात, की जणू नियम त्यांनीच केला.

उजवा खुबाही झाला, माझा वाटा शून्य. हातमोजे-सुयांचे किरकोळ पैसे तेवढे लागले, ते विम्यात बसत नाहीत, ध्यानात ठेवा. खांबावर चढायला आणि मांडी घालून बसायला डॉक्टरांनी मनाई केली. आता मी सबस्टेशनवर बसतो. चढणारी पोरं फोन करून विचारतात आणि मी खालून सांगतो.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी काठी टेकत गेटपर्यंत चालत गेलो. दत्तराव जीपला टेकून उभे होते. माझ्या दोन्ही पायांकडं बघत राहिले. "खाट कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "शेजारच्या पेशंटची म्हातारी फरशीवर झोपून राहिली होती. तिला देऊन आलो."

"बराबर केलं," दत्तराव म्हणाले आणि माझ्यासाठी जीपचं पुढचं दार उघडलं.