दौंडच्या कॅसिनोत मुलीकडचे

न्हावऱ्याहून सकाळची एसटी सुटली तेव्हा सगळी बस कांदा घेऊन केडगावला निघाली होती. कॅसिनोला निघालेले आम्ही दोघेच, मी आणि माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. गोव्यात म्हणे कॅसिनो जहाजावर असतो. आमचा दौंडच्या अलीकडे, हमरस्त्यावरच्या एका हॉटेलच्या माडीवर होता. उघडून महिनाही झाला नव्हता आणि त्याचे मालक आमचे होऊ घातलेले व्याही होते.

त्यांच्या महेशचं स्थळ माझ्या भाचीला, शारदाला, सांगून आलं होतं. बघण्याचा कार्यक्रम होऊन मुलाकडची पसंतीही कळली होती. आता आम्ही घर-धंदा बघून होकार द्यायचा तेवढा राहिला होता. आमच्यात अशा बाबतीत शेवटचा शब्द मामाचा, आणि मामा मी. निघताना बहीण दारात आली. म्हणाली, "दादा, माडीबिडी बघत बसू नको. पोरगं कसं हाय ते बघ."

खरं सांगायचं तर पोरापेक्षा मला पोकरची ओढ जास्त होती. मी शिरूरला हायस्कुलात गणित शिकवतो. एक पातळसं पुस्तक मिळवून कोणता हात किती वेळा येऊ शकतो याची कोष्टकं मी वहीत मांडली होती. मास्तर बाहेर कुठे पत्ते कुटताना दिसला, तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येतात. होणाऱ्या व्याह्यांकडे कुटले, तर तो पाहुणचार होतो.

भीमेच्या पुलावर दाजींनी हात जोडले आणि तेवढ्यात बसने हिसका दिला. त्यांच्या कोऱ्या पांढऱ्या शर्टाला दाराचं वंगण लागलं. मग दिवसभर ते एक हात पोटावर आडवा धरून होते. त्यामुळे ते फार नम्र दिसत होते.

केडगावहून शटल (पुण्याहून दौंडला जाणारी रेल्वेगाडी) पकडली. शेजारी कारखान्याच्या निळ्या कपड्यातला एक माणूस डबा सांभाळत बसला होता.

"कुठं निघाला, आप्पा?" त्याने दाजींना विचारलं.

"कॅसिनोला," दाजी छाती काढून म्हणाले.

"ती कशाची कंपनी?"

"पत्त्याची."

त्याने थोडा विचार केला. "परमनंट करत्यात का?"

दौंडला उतरून वडापने (माणसं कोंबून नेणाऱ्या जीपने) हॉटेल गाठलं. कमानीवर प्लास्टरचे दोन सिंह होते, त्यांचा रंग अजून हाताला लागत होता. मुलाचे वडील अण्णासाहेब स्वतः सामोरे आले. वर नुकताच सत्यनारायण झाला होता म्हणून चपला जिन्याखाली काढायच्या होत्या. माडीवर हिरव्या कापडाची तीन टेबलं, भिंतीवर हार घातलेली लक्ष्मी आणि तिच्याखाली पाटी, 'मनोरंजन केंद्र'.

"सगळं कायद्यात बसवलंय," अण्णासाहेब म्हणाले. "पैशानं खेळायचंच न्हाई. बिल्ल्या जिंकायच्या आन् खाली मटणाची थाळी खायची."

असा कायदा मी प्रथमच ऐकत होतो, पण मुलीकडच्यांनी कायद्यात शिरायचं नसतं.

टेबलाशी आम्ही चौघे बसलो. महेश गोरा, उंच, बोलायला गोड. पत्ते वाटायला उत्तरेकडचा, काळ्या जाकिटातला एक पोक्त माणूस होता. त्याने प्रत्येकी पाच पत्ते टाकले.

"पाच?" दाजी कुजबुजले. "आमच्याकडं तिनातच भागतं."

पहिल्या डावात दाजींना तीन एक्के आले. त्यांनी पत्ते मला दाखवले, महेशकडे पाहिलं, आणि पालथे टाकले (म्हणजे डाव सोडला). "तुमचंच हाय की," म्हणाले. लेकाच्या कौतुकाने अण्णासाहेबांनीही टाकले. महेशने बिल्ल्या ओढल्या. मी पत्त्यांना बसलेला असलो तरी अजून रीत विसरलो नव्हतो, मीही टाकले. मुलाकडच्यांना हरवायचं म्हणजे मांडवाआधीच भांडण काढायचं.

पुढचे डाव असेच गेले. मग माझ्या हातात तीन बादशहा आणि दोन सत्त्या आल्या. शेकडो डावांत एखाद्या वेळी येणारा हात! मी बिल्ल्यांकडे हात नेला आणि टेबलाखालून दाजींनी नडगीवर लाथ घातली. मी पत्ते पालथे टाकले. अक्षरशः रडू आलं.

"मामा, नुसतं गणित येऊन उपेग न्हाई," महेश बिल्ल्या रचत म्हणाला. "काळीज लागतं. तुम्ही लई घाबरता."

मी हसलो. वर्गातल्या कुणी असं म्हटलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पत्ते गोळा करताना वाटणाऱ्याने माझ्या पत्त्यांचा कोपरा उचलून पाहिला. हळूच म्हणाला, "मास्टरजी, इतना बड़ा हाथ फेंक दिया?"

"हम लड़कीवाले हैं."

"मेरी भी दो हैं," तो म्हणाला आणि माझे बादशहा त्याने गड्डीत खाली सरकवले.

दुपारी खाली जेवलो. महेशने त्याच्या बिल्ल्यांतून आम्हाला थाळ्या दिल्या. आम्हीच सोडलेल्या डावांचं मटण आम्ही त्याचे आभार मानत खाल्लं. रस्सा झणझणीत होता.

परतीच्या वाटेवर आमचं एकमत झालं. इमारत पक्की, माणसं अगत्याची. "पोरगं निर्व्यसनी हाय," दाजी म्हणाले. "चहासुदिक घेत न्हाई." धंदा जुगाराचा, हे दोघांपैकी कुणी काढलं नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. शारदा दूध संकलन केंद्रावर दुधाचं फॅट मोजायचं काम करते. ती नुकतीच परतली होती. चहाचे कप पुढे ठेवून ती खाली बसली.

"मामा, खेळलात ना? हारल्यावर कसा वागला त्यो?"

"हरला कुठे? एकही डाव नाही."

"इतकं येतंय त्याला?"

"आमी हारूच दिलं न्हाई," दाजी अभिमानाने म्हणाले. "मास्तरांनी तर तीन बादशहा टाकले."

ती बापाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे वळली. "तुमी एक दिस टाकले आन् घरी आलात. मी तिथंच ऱ्हायची. मी रोज टाकायचे व्हय?"

दिवसभर मी शक्यता मोजत होतो आणि मुलगा कसा आहे हे बघायला गेलेला माणूस, तो हरताना कसा वागतो ते एकच बघायचं विसरून आला होता. मला माझी लाज वाटली. दाजींनी पोटावरचा हात काढला, डाग सगळ्यांना दिसला. म्हणाले, "मास्तर, उद्या फोन लावा."

सकाळी मीच लावला. पत्रिका जुळत नाही असं सांगायची आमच्याकडे पद्धत आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही. ते वाक्य मी मनात घोकूनही ठेवलं होतं.

"अण्णासाहेब," मी म्हणालो, "मुलगी नको म्हणते."

पलीकडे आवाज चढला. "मुलीला विचारलं कुणी?"

"आम्ही कुठलं विचारतोय?" मी म्हणालो. "तिनंच आम्हाला विचारलं."